लिलीच्या यादीतलं नाव

२९ मार्च १९८७, रविवार दुपार
स्टेट कॉलेज

प्रिय सुलू,

प्रभूमध्ये सलाम.

दोन वर्षांत आईला चार ओळी लिहायला वेळ झाला नाही का, असं तू विचारशील. विचार. वेळ भरपूर होता. या स्टेट कॉलेज गावात आल्यापासून मला वेळाशिवाय दुसरं काही मिळालेलंच नाही. तुझे पप्पा युनिव्हर्सिटीची लॅब सांभाळतात, मी घर सांभाळते, आणि तुझा विषय निघू नये एवढं आम्ही दोघं मिळून सांभाळतो.

पाकिटावर कोणतं नाव लिहावं यात माझा तास गेला. तू लग्नाचे फोटो पाठवले होतेस, त्यात तो एक होता ना, ताटात तांदूळ पसरलेत आणि राजीव अंगठीनं त्यात तुझं नवीन नाव लिहितोय, पद्मजा. पप्पांनी आधीचे फोटो नीट पाहिले. तुझी साडीसुद्धा बरी आहे म्हणाले. मग तो फोटो आला, आणि त्यांनी सगळे परत पाकिटात घातले. त्या दिवसापासून या घरात तुझं नाव नाही. जुनंही नाही, नवंही नाही. पण पोस्टमनला काहीतरी एक लागतं. मी ‘सुलेखा’ लिहिलंय. तुमच्या अल्फारेटाचा पोस्टमन आणि तुझ्या सासूबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

लग्नाला मी आले नाही, कारण मला ताप होता. ते तुला तेव्हाच कळवलं होतं. आणि ॲन आर्बर सोडलं ते पप्पांना इथली नोकरी बरी वाटली म्हणून. तिथल्या मंडळींना तसंच सांगितलंय, तुलाही तेच सांगते.

इथलं मेथडिस्ट चर्च लहान आहे. नागपूरच्या आपल्या चर्चच्या अर्धंसुद्धा नसेल, पण बाकं गुळगुळीत आणि माणसं चांगली. पप्पांचं आता तिथं वजन आहे. महिन्यातून एकदा ते शास्त्रपाठ वाचतात, कोट घालून, चष्मा पुसून. सध्या लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस आहेत. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सूप आणि ब्रेड, मग प्रार्थना. गेल्या बुधवारी सूपची पाळी माझी होती. मी मसुराची आमटी केली. तिखट नाही, आमसूल नाही, फोडणी नावाला. थोडक्यात, आमटी वगळून बाकी सगळं केलं. लोकांनी पातेलं पुसून खाल्लं आणि मला रेसिपी मागितली.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. इथं डॉरथी म्हणून सत्तरीची एक बाई आहे. चर्चचं सगळं काम तिच्या पर्समधून निघतं. ईस्टरला वेदीभोवती लिलीच्या कुंड्या मांडतात, एकेका घरानं कुणाच्या तरी नावानं एकेक कुंडी द्यायची. परवा तिचा फोन आला. म्हणाली, “वसुधा, हू वुड यू लाइक टु रिमेंबर धिस ईस्टर?”

आठवण कुणाची करणार मी? तोंडातून तुझंच नाव निघालं. म्हटलं, “माय डॉटर. सुलेखा.”

ती म्हणाली, “ओह, हनी. आय डिडन्ट नो यू हॅड अ डॉटर.”

“यस, यस. बट शी इज नो मोअर विथ अस. टू इयर्स नाऊ.”

“वॉज इट सडन?”

“व्हेरी सडन,” मी म्हटलं. आणि ते काय खोटं आहे? राजीवचं नाव तू पहिल्यांदा घेतलंस तेव्हापासून तुझ्या लग्नापर्यंत फक्त सहा आठवडे गेले होते.

मग तिनं स्पेलिंग विचारून घेतलं आणि फोनवरच माझ्यासाठी प्रार्थना केली. मुलगी लग्न होऊन लांब गेली तर एवढी माया करणारी माणसं आहेत बघ ही. मला तर रडूच आलं.

कुंडीचं मी पप्पांना सांगितलेलं नाही. ईस्टरच्या पत्रकात यादी छापून येते, तेव्हा बघतील. मला दुसरं काही नको, सुलू. या घरात तुझं नाव परत यावं एवढंच हवंय. आधी छापून येऊ दे, मग तोंडात येईल.

राजीवला आशीर्वाद.

तुझी
आई


२० एप्रिल १९८७, सोमवार

सुलू,

माझ्या हातून घोटाळा झालाय. बसून वाच.

पवित्र आठवड्यात मला थोडं विचित्र वाटतच होतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर दोघीतिघींनी मला मिठी मारली आणि लवकर सोडलंच नाही. मंगळवारी कुणीतरी दारात मॅकरोनीची डिश ठेवून गेलं, बुधवारी दुसरं कुणीतरी हॅम. मला वाटलं, पवित्र आठवड्यातली इथली ही रीतच असेल. मीही गाजराचा हलवा करून परत डिशा भरून पाठवल्या. त्यांना काय वाटलं असेल, आता विचार करवत नाही.

काल ईस्टर. पहाटेची उपासना टेकडीवर झाली. गवतावर दहिवर गोठलं होतं, सगळे कुडकुडत होते, आणि सूर्य वर आला तेव्हा पप्पांनी खर्जात असं गाणं लावलं की पुढच्या बाकावरचे, म्हणजे घडीच्या खुर्च्यांवरचे, वळून बघायला लागले. किती दिवसांनी ते खुशीत होते. अकराच्या उपासनेत कबरेपाशी बायका येतात तो पाठ त्यांनीच वाचला.

मग पास्टर म्हणाले की लिलींची नावं वाचतो, त्या त्या घरच्या माणसांनी उभं राहावं. मी हात घट्ट धरून बसले होते. सातवं का आठवं नाव आलं, “सुलेखा साळवे”. त्यांनी ‘लेखा’चं ‘लीका’ केलं, पण तूच होतीस. आणि माझ्या आधी तुझे पप्पा उभे राहिले.

सुलू, माझ्या डोळ्यांना धार लागली. मनात म्हटलं, प्रभू, ऐकलंस. दोन वर्षं ज्यानं नाव घेतलं नाही तो बाप लेकीच्या नावावर उभा राहिला. मी त्यांचा हात धरायला गेले. हात बर्फासारखा गार होता.

खाली बसून मी डोळे पुसले आणि पत्रक उघडलं. नावं दोन रांगांत होती. उजवीकडच्या रांगेत डॉरथीची नात होती, कॉलेजात शिकते ती. पास्टरची आई होती, ती तर समोरच बसली होती. तू डावीकडे होतीस. तुझ्या वरचं नाव वॉल्टर, डॉरथीचा नवरा. त्याची कबर टेकडीवर आहे, सकाळीच मी तिच्या शेजारी खुर्ची मांडून बसले होते.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ‘आता आमच्यात राहत नाही’ असं म्हणायचं होतं आणि मी इंग्रजीत ‘नो मोअर’ म्हटलं. ध चा मा झाला. जिवंत लेक मी माझ्या तोंडानं मारली, आणि वर ‘व्हेरी सडन’ म्हटलं.

आता पुढचं ऐक. त्यासाठीच हे पत्र आहे, नाहीतर चुकीला हसून मोकळं होता आलं असतं. उपासनेनंतर तळघरात नाश्ता होता. पास्टरनी पप्पांचा हात दोन्ही हातांत घेतला. “हेम, आय ॲम सो सॉरी. वी हॅड नो आयडिया.” मी कॉफीचे कप घेऊन मागेच उभी होते. म्हटलं आता सांगतील, आता हसतील, माझ्या इंग्रजीची थट्टा करतील. तीस वर्षं करताहेत, एवढ्या वेळीच सोडतील होय?

पप्पा म्हणाले, “थँक यू.”

मी वाट पाहिली. पुढं काहीच आलं नाही. पास्टरनी त्यांना जवळ घेतलं आणि पप्पांनी डोळे मिटले.

आणि मी काय केलं, हे तू विचारण्याआधीच सांगते. मी कप टेबलावर ठेवले आणि कुणाला साखर हवी का विचारलं.

लिलीची कुंडी घरी आणलीय. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत नाही.

आई


३० एप्रिल १९८७, गुरुवार

सुलू,

तुझं उत्तर नाही. रागावली असशील. रागाव, पण वाचत राहा.

आधी एक सांगून टाकते. मला ताप नव्हता. तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी पुलाव केला, दोन मशीन कपडे धुतले आणि दुपारी पप्पांबरोबर टीव्ही पाहिला. काय पाहिलं ते आठवत नाही. विमानाचं तिकीट तू पाठवलं होतंस, ते बायबलमध्ये ठेवलं होतं, आणि दिवसभर मी त्या खोलीत गेले नाही. पप्पांनी मला अडवलं नव्हतं. ‘जायचं तर जा’ म्हणाले होते. त्यांच्या ‘जा’ला मी घाबरले, एवढंच. तापाचं मी नंतर रचलं.

दुसरं आणखी वाईट आहे. ईस्टरनंतर दहा दिवस झाले आणि मी कुणालाही खरं सांगितलेलं नाही. पहिले दोन दिवस लाजेनं. नंतर, कसं लिहू, नंतर मला ते आवडायला लागलं. डॉरथी येते, कॉफी पिते आणि म्हणते, “टेल मी अबाउट हर.” दोन वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटते. तू पाच वर्षांची असताना हॅलोवीनला नऊवारी नेसून गेली होतीस आणि लोकांनी विचारलं हे कोण, तर म्हणालीस ‘माझी आजी’. तू पियानोच्या बाईंना चावली होतीस. तुला वांगं आवडत नाही. मी ‘आवडत नाही’ म्हणते आणि डॉरथी माझा हात थोपटते. तिला वाटतं, या बाईला अजून लेक गेल्याचं खरं वाटत नाही. तुझं नाव घरात आलं बघ, सुलू. मला हवं होतं तसंच आलं. फक्त त्यासाठी तू मेलेली असावी लागतेस.

तरीही मी कदाचित असंच चालू दिलं असतं. मी किती भित्री आहे ते तुला माहीत आहे. पण परवा एक झालं.

चर्चच्या पुरुष मंडळींनी ठरवलंय की दहा मेला, मदर्स डेला, उपासनेनंतर आवारात तुझ्या नावानं डॉगवुडचं फुलझाड लावायचं. वसंतातल्या सफाईचा दिवसही तोच, फावडी-कुदळी निघणारच आहेत. झाडाखाली पितळेची छोटी पट्टी. ती करून घ्यायला डॉरथी मजकूर न्यायला आली. मला म्हणाली, जन्माचं साल? मी म्हटलं, एकोणीसशे बासष्ट. ती म्हणाली, “अँड?”

मी ओट्याकडे वळले, दूध उतू जात नव्हतं तरी गॅस बारीक केला. म्हटलं, आता तुझे पप्पा बोलतील. या प्रश्नाला तरी दुसरं उत्तर नाही.

पप्पांनी खिशातलं पेन काढलं, तिच्या कागदावर आपल्या वळणदार अक्षरात तुझं नाव लिहिलं, त्यापुढे १९६२, मग एक रेघ आणि १९८५.

तुझ्या लग्नाचं साल.

डॉरथीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ती जाईपर्यंत मी ओट्याजवळून हलले नाही. माझी चूक होती ती इंग्रजीची होती, सुलू. ही चूक नाही.

आई


७ मे १९८७, गुरुवार

सुलू,

तुझं पत्र मंगळवारी आलं. एका ओळीचं. “आई, ईस्टरला तू उठून सांगितलं का नाहीस?”

सही नाही, कोणतंच नाव नाही. मी उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं.

मी ते पप्पांच्या पुढे ठेवलं. त्यांनी अक्षर ओळखलं. कागदाला हात न लावता वाचलं. मग मी दोन वर्षांचं सगळं बोलले. म्हटलं, आपली पोरगी तिकडे भाजी आणते, भांडी घासते, आईला जाब विचारते, आणि तुम्ही तिच्या मरणाचं साल घालता? लाज नाही वाटली? ‘थँक यू’ म्हणताना जीभ अडखळली नाही?

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. खुर्चीत बसून हळू बोलले. ते काय म्हणाले ते तुला सांगते, कारण तुला ते कधी सांगणार नाहीत, आणि त्यांची बाजू नुसती दगडाची आहे असं तू समजू नयेस.

म्हणाले, “वसुधा, माझ्या बापाला गावानं कचरू म्हटलं. आईबापांनी ठेवलेलं नव्हे, गावानं दिलेलं. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना ‘ए कचऱ्या’ अशी हाक यायची. मिशनच्या शाळेत गेला, बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याला शांतवन नाव मिळालं. पाटीवर स्वतःच्या हातानं ते लिहिलं त्या दिवशी तो दिवसभर पाटी पुसू देत नव्हता. म्हणून नातीचं नाव सुलेखा. मी ठेवलं नाही, त्यानं ठेवलं. मरणाआधी तीन महिने. आणि तुझ्या लेकीनं ते दिलं. कुणाला? ज्यांच्या आजांनी माझ्या बापाला कचऱ्या म्हटलं त्यांना. तांदळात, एका अंगठीनं. मी खोटं कुठं लिहिलं? सुलेखा साळवे पंच्याऐंशी सालीच गेली. तिकडे आहे ती कुणी पद्मजा आहे.”

यावर तुला उत्तर सुचलं असतं का? राजीवच्या आजोबांनी कुणाला काय म्हटलं ते आपल्याला माहीत नाही. राजीव चांगला आहे, तू म्हणतेस म्हणून मी मानते. तुमच्यात त्या ताटाला कुणी एवढं मनावर घेत नसेल, हसतखेळत करत असाल. पण ते ताट पाहताना त्यांना पाटी दिसली. ते तुला आधी सांगायला हवं होतं. आजोबांची गोष्ट आम्ही तुला सांगितलीच नव्हती. अमेरिकेत कशाला ते जुनं काढायचं, असं मीच म्हणत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी मूठ झाकून ठेवली, आणि तुला कळलंच नाही तू काय देत होतीस.

पण मग मी एवढंच म्हटलं, “रागवा तिच्यावर. जन्मभर रागवा. जिवंत माणसावरच रागवता येतं.”

ते उठून आत गेले.

पट्टी तयार होऊन आलीय. डॉरथीच्या घरी आहे. रविवारी सकाळी लावणार. तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, फक्त रविवार आहे.

आई


११ मे १९८७, सोमवार

सुलू,

काल सांगितलं.

कसं झालं ते क्रमानं लिहिते. चर्चच्या दारात प्रत्येक आईला एकेक कार्नेशनचं फूल देत होते. डॉरथीनं माझ्या साडीला ते टोचलं आणि गालावर ओठ टेकले. आवारात खड्डा खणून तयार होता, शेजारी झाड, मुळांना गोणपाट बांधलेलं. पप्पा कोट घालून पहिल्या बाकावर. मी त्यांच्या शेजारी.

इथं उपासनेत एक वेळ असते, तिला ‘जॉइज अँड कन्सर्न्स’ म्हणतात. ज्याला आनंदाचं किंवा काळजीचं काही असेल त्यानं उभं राहून सांगायचं, मग सगळे मिळून प्रार्थना करतात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाला नातू. दीड वर्षांत मी एकदाही उठले नव्हते. काल उठले. उठताना बाक करकरलं आणि पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते अगदी हळू म्हणाले, “बस.”

मी वाक्य घोकून ठेवलं होतं, चांगलं लांब, व्याकरणासकट. ते गेलं. तोंडातून निघालं, “माय डॉटर इज नॉट डेड. शी इज मॅरिड.”

मागे कुणीतरी हसलं. मग ते हसू जागीच मेलं. पास्टर भले आहेत पण तेही गोंधळले. सवयीनं म्हणाले, “वसुधा, इज दॅट अ जॉय ऑर अ कन्सर्न?”

“बोथ,” मी म्हटलं.

मग बाकीचं सांगितलं, मोडकंतोडकं. फोनवर मी बोलले ते माझं इंग्रजी चुकलं. पण ईस्टरनंतर तीन आठवडे मी गप्प बसले ते इंग्रजी नव्हतं. तुम्ही माझ्या लेकीसाठी रडलात आणि मी रडू दिलं. ती जॉर्जियात राहते. तिचं लग्न झालं आणि आम्ही गेलो नाही. पितळेच्या पट्टीवर जे साल आहे ते तिच्या लग्नाचं आहे. ते कुणी लिहिलं, ते मी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. अक्षर डॉरथीनं पाहिलं होतं.

पप्पा उठले, मधल्या वाटेनं सरळ चालत गेले आणि बाहेर पडले. कोटाची मागची बाजू चुरगळली होती. तीस वर्षांत त्यांना पाठमोरं इतकं कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना सगळ्या मंडळीपुढे खाली पाहायला लावलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. तरीही मी परत तेच करीन.

उपासना संपल्यावर लोक माझ्याजवळून जरा अंतर ठेवून गेले. डॉरथी आली. तिचे डोळे लाल होते, या वेळी रागानं. “आय प्रेड फॉर दॅट गर्ल एव्हरी मॉर्निंग,” म्हणाली. “आय क्राइड माय आइज आउट, वसुधा.” मी सॉरी म्हटलं. तिनं ते घेतलं नाही. बाहेर जाऊन खड्ड्याकडे बघत उभी राहिली, मग पुरुषांना म्हणाली, “वेल, द होल इज डग.” त्यांनी झाड लावलं. पट्टीशिवाय. मीही चार फावडी माती ओढली, कुणी नको म्हणालं नाही. निघताना तिनं मला वांग्याचं विचारलं, “डज शी स्टिल हेट एगप्लांट?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता गाडीत बसली.

घरी येताना पप्पा गाडीत एकच वाक्य बोलले. “मंडळीपुढे मला खोटा पाडलंस.” मी म्हटलं, “दोघंही खोटे होतो. मी फक्त आधी उठले.” त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवले, पण बोलले नाहीत. तुझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत, माझ्याशी किती दिवस चालवतात बघू. ते बदलतील की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या वतीनं मी तुला काहीही कबूल करत नाही.

माझ्या वतीनं करते. मी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. गुरुवारी सकाळची बस, शुक्रवारी दहाच्या सुमाराला अटलांटा. हे पत्र जलद डाकेनं टाकते. एकटीनं एवढा प्रवास मी कधी केलेला नाही, पण सहासष्ट साली तुला कडेवर घेऊन पप्पांच्या भरवशावर सातासमुद्रापार आले, तर तेवढं जमेल. बसस्टँडवर पप्पा सोडायला येतील का, माहीत नाही. पास्टर म्हणालेत, मी सोडतो. डॉरथीला मी विचारलेलं नाही.

तुला मला जे रागावून बोलायचं असेल ते तिथंच बोल, राजीवपुढे, तुझ्या सासूबाईंपुढे, बसस्टँडवरच्या लोकांपुढे. मला लपवायचं आता काही राहिलेलं नाही. आजोबांची गोष्ट मी तुला सांगणार आहे, पूर्ण, कचरूपासून. ऐकून तुला काय वाटायचं ते वाटू दे.

फक्त एक अडचण आहे. मला लांबचं नीट दिसत नाही आणि तिथं गर्दी असेल. मी उतरले की हाक मारणार. तुला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते ते मी तुला विचारलंच नाही. आधी सुलेखा म्हणेन, मग पद्मजा म्हणेन. पप्पांना वाटतं त्या दोघी वेगळ्या आहेत, पण मला त्या दोघींतली कुठलीही चालेल.

तू ओ दे.

तुझी
आई